देवळालीचे कापरेकर मास्तर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीतले गणिताचे शाळामास्तर. १९३० च्या सुमारास ते तिथे नोकरीला लागले आणि १९६२ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिथूनच निवृत्त झाले. मधल्या तीन दशकांत त्यांनी ना पेशा बदलला, ना गाव. बी.एस्सी.च्या पुढे त्यांचे औपचारिक शिक्षण नव्हते आणि कॉलेजातली प्राध्यापकीही त्यांच्या वाट्याला आली नाही. तरीही ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्या पोरांना जे स्वाध्याय घालतात, त्यांत ही संख्या बरेचदा भेटते. स्वाध्याय सोडवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की या नावामागचा माणूस हायस्कुलात त्रैराशिक शिकवत होता.

कवी असलेला मास्तर मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा आहे. केशवसुत शाळेत शिकवत होते, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. गणितात स्वतःची भर घालणारा मास्तर मात्र विरळा, आणि म्हणूनच कापरेकरांची हकिकत बहुधा हळहळीच्या सुरात सांगितली जाते: एवढा बुद्धिमान माणूस, पण शाळेतच राहिला. हा सूर त्यांना फारसा लागू पडत नाही. त्यांनी शोधलेली प्रत्येक गोष्ट वजाबाकी, बेरीज, वर्ग आणि भागाकार एवढ्याच हत्यारांनी शोधलेली आहे. जे वर्गात शिकवायचे त्याच मालातून त्यांचे संशोधन निघाले. तास आणि छंद यांच्यामध्ये त्यांच्या बाबतीत भिंत नव्हती.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई वारली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद इथे बाजूला ठेवता येतो, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड टळत नाही. साठ विपळांचे एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांचा एक दिवस. बारा राशी, प्रत्येकीचे तीस अंश; सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण. या हिशेबात हातचा कधी साठाला येतो, कधी तिसाला, आणि बेरीज शेवटी नऊ चरणांच्या राशीत नेऊन बसवावी लागते. घरात असे हिशेब चालत असले की मुलाच्या कानावर संख्या निरनिराळ्या वेषांत पडत राहते. आकडेमोडीची गोडी आपल्याला वडिलांकडून लागली, हे कापरेकरांच्या चरित्रात नेहमी येते आणि ते पटण्यासारखे आहे.

माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. ज्या कॉलेजाचे नाव रँग्लर परांजप्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले, तिथे गणिताची आवड असणाऱ्या मुलाला वातावरण अनुकूल असणार, हे सांगायला नको. गणितातल्या स्वतंत्र कामासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक कापरेकरांना १९२७ मध्ये मिळाले. पाठांतराला किंवा परीक्षेतल्या गुणांना मिळणारे हे बक्षीस नव्हते, हे लक्षात घ्यावे लागते. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि लवकरच देवळाली गाठली.

देवळाली ही लष्करी छावणी. कोरडी, निरोगी हवा, मुंबईकरांची आरोग्यधामे, जवळून जाणारी रेल्वे. शेजारच्या नाशिकरोडला १९२८ पासून सरकारी छापखान्यात नोटा छापल्या जात होत्या, आणि प्रत्येक नोटेवर आकड्यांची ओळ होती. आकड्यांचा नाद असलेल्या माणसाने मुक्कामाला नेमका हाच परिसर निवडावा हा योगायोगच, पण गमतीचा.

त्या काळच्या माध्यमिक शाळेत गणिताचे तीन तुकडे असत: अंकगणित, बीजगणित आणि भूमिती. खालच्या वर्गांतून मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून वर आलेली असत. हायस्कुलात त्यांच्यापुढे लसावि-मसावि, व्यवहारी आणि दशांश अपूर्णांक, त्रैराशिक, शेकडेवारी, सरळव्याज आणि चक्रवाढव्याज, नफा-तोटा, भागीदारी, काळ-काम-वेग असा क्रम येई. हौदाला दोन नळ पाणी भरतात आणि एक रिकामा करतो, हे उदाहरण किती पिढ्यांनी सोडवले असेल, कोण जाणे. बीजगणितात अवयव पाडणे, एकसामयिक समीकरणे, वर्गसमीकरणे. भूमितीत प्रमेये आणि त्यांच्या सिद्धता. शेवटाला मॅट्रिकची परीक्षा. ती आधी मुंबई विद्यापीठ घेई. पुढे स्वतंत्र मंडळ स्थापन होऊन १९४९ पासून एस.एस.सी. आली.

कापरेकरांच्या नोकरीतच या अंकगणिताचा पाया एकदा हलला. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया, म्हणजे रुपयाच्या १९२ पया, या हिशेबावर शाळेतली अर्धी उदाहरणे उभी होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर, मण आणि तोळे जाऊन किलो आणि ग्रॅम आले. मिश्र राशींची बेरीज, म्हणजे रुपये-आणे-पया वेगवेगळ्या स्तंभांत मांडून प्रत्येक ठिकाणी वेगळा हातचा धरणे, हा कित्येक वर्षे मुलांना रडवणारा भाग पाठ्यपुस्तकातून हळूहळू आटला. दशांश चिन्हाने त्याची जागा घेतली. निवृत्तीच्या आधीची काही वर्षे कापरेकरांच्या पिढीच्या गणित-शिक्षकांना दोन्ही पद्धती शिकवाव्या लागल्या, कारण बाजार एका रात्रीत बदलत नाही.

आपल्या संख्यांच्या वेडाचा उपयोग ते विद्यार्थ्यांना गोडी लावण्यासाठी करत, आणि आसपासच्या कॉलेजांतून त्यांना व्याख्यानांची आमंत्रणे येत. या वेडाची तुलना ते स्वतः दारूच्या व्यसनाशी करत. पिणाऱ्याला त्या धुंदीतच राहावेसे वाटते, तसे आपले संख्यांबाबत होते, असे त्यांचे सांगणे असे. ही कबुली मास्तराच्या तोंडी जरा विचित्र वाटते, पण त्यांच्या पुस्तिका चाळल्या की ती अक्षरशः खरी असावी असे वाटू लागते.

१९५० मध्ये त्यांनी आवर्ती दशांश अपूर्णांकांवर स्वतःच एक पुस्तिका छापली. छेद ३ पासून १६१ पर्यंत. विषय सातवी-आठवीचाच. १ ला ७ ने भागले की ०.१४२८५७ येते आणि हे सहा अंक पुन्हा पुन्हा फिरत राहतात. पहिला अर्धा १४२, दुसरा अर्धा ८५७, बेरीज ९९९. १ भागिले १७ केले की आवर्तन सोळा अंकांचे होते: ०५८८२३५२९४११७६४७. त्याचेही दोन तुकडे करून मिळवले, ०५८८२३५२ आणि ९४११७६४७, की आठ नऊ ओळीने उभे राहतात. हे इथवर कोणीही शाळकरी मुलगा करील. पण १४९ ने भागायला घेतले की आवर्तन १४८ अंकांनी पुरे होते. एकशे अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा भागाकार, कागदावर, हाताने; एक अंक चुकला तर पुढचे सगळे वाया. चूक सापडवण्याची युक्तीही भागाकारातच आहे: पुढचे चौऱ्याहत्तर अंक पहिल्या चौऱ्याहत्तरांशी मिळवून सगळीकडे नऊ आले पाहिजेत. वर्गात ज्याला उत्तराचा ताळा पाहणे म्हणतात, तोच हा ताळा. तो मुलांना रोज बजावणारा माणूस घरी येऊन स्वतः तेच करत होता.

नऊचा ताळा त्यांच्या दुसऱ्या एका शोधाच्या मुळाशीही आहे. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २१ घेतले तर २१ अधिक ३, म्हणजे २४. २४ मधून ३०, ३० मधून ३३, ३३ मधून ३९, असा वंश पुढे चालतो. कापरेकर आधीच्या संख्येला पुढच्या संख्येची जनक म्हणत. काही संख्यांना दोन जनक असतात: ९१ पासूनही १०१ मिळते आणि १०० पासूनही. काहींना मात्र जनकच नसतो. २० ला नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही. या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले, आणि १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ अशी त्यांची यादी सुरू होते. १९६३ मध्ये या विषयावरची त्यांची पुस्तिका देवळालीहूनच निघाली.

एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही हे ओळखण्याची त्यांची रीत शाळेच्या फळ्यावर मावेल इतकी आखूड आहे. त्यांच्या निवृत्तीचेच वर्ष घेऊ, १९६२. अंकांची बेरीज १८, तिची पुन्हा बेरीज ९. ही विषम आली म्हणून तीत ९ मिळवून निम्मे करायचे: ९. (सम आली असती तर नुसते निम्मे.) १९६२ मधून ९ वजा केले की १९५३. १९५३ चे अंक मिळवून पाहायचे: १९५३ अधिक १८ बरोबर १९७१, जमले नाही. मग आणखी ९ वजा: १९४४. १९४४ अधिक १८ बरोबर १९६२. जनक सापडला. जितके अंक तितक्याच वेळा ही वजाबाकी करायची. तोवर जनक सापडला नाही तर संख्या स्वयंभू. २० वर ही रीत चालवली की १९ आणि १० असे दोनच उमेदवार उरतात आणि दोघेही नापास होतात. चार अंकी संख्येसाठी फार तर चार प्रयत्न. ही पद्धत दिसायला साधी आहे, पण ती का चालते हे कळायला नऊने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा स्वभाव नीट समजावा लागतो, आणि तोही शाळेतलाच धडा.

तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या त्यांनी शोधली, ती मात्र फळ्यावर मावणारी नाही: १,००,००,००,००,००,००१ म्हणजे एकावर बारा शून्ये आणि शेवटी एक. जनक तीन: तिच्याहून एकाने लहान संख्या, शंभराने लहान संख्या आणि एकशे नऊने लहान संख्या. शेवटची तपासून पाहण्यासारखी आहे. तिच्यात दहा नऊ आहेत आणि शेवटी ८९२. अंकांची बेरीज ९० अधिक १९, म्हणजे नेमकी १०९. लाखो संख्या चाचपून हे हाती येत नाही. त्यासाठी शून्यांच्या लांबलचक ओळीवर हातचा कसा पळतो हे डोळ्यांपुढे दिसावे लागते.

ज्या शोधाने त्यांचे नाव झाले तो १९४६ चा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच. कापरेकरांच्या जन्मवर्षापासून, १९०५ पासून, निघू. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२. ८७२१ वजा १२७८ बरोबर ७४४३. ७४४३ वजा ३४४७ बरोबर ३९९६. ९९६३ वजा ३६९९ बरोबर ६२६४. ६६४२ वजा २४६६ बरोबर ४१७६. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. आणि ६१७४ चे अंक पुन्हा तसेच लावले की पुन्हा ७६४१ वजा १४६७. इथून पुढे हलणे नाही. सात पायऱ्या लागल्या, आणि सात ही कमाल मर्यादा आहे. कोणतीही संख्या याहून जास्त वेळ घेत नाही. शोधाचे वर्ष १९४६ घेतले तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ येते आणि वरच्याच वाटेला लागून सहा पायऱ्यांत काम होते.

वर्गात हे करून घेताना मुले एकाच ठिकाणी हमखास फसतात. १००० घेतले की उत्तर ९९९ येते. मूल ते तीन अंकी समजते, ९९९ मधून ९९९ वजा करते आणि शून्य घेऊन बसते. पुढचे शून्य सांभाळून ०९९९ लिहिले तर ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि मग ६१७४. स्थानाची किंमत काय असते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

हे असे का होते, याचे उत्तर आठवीच्या बीजगणितात आहे. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले (अ−ड) अधिक ९० गुणिले (ब−क) एवढी येते. म्हणजे मूळ संख्येतले सगळे विसरून फक्त दोन फरक उरतात. टोकाच्या अंकांमधला फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो, आणि मधल्या दोघांमधला शून्यापासून त्या फरकापर्यंत. अशा जोड्या मोजल्या तर ५४ भरतात. सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या तर चार अंकी संख्या ८९९१ उरतात. पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या ५४ मध्ये कोंबल्या जातात. मग चोपन्न वाटा तपासणे हे एका संध्याकाळचे काम. ६१७४ मध्ये टोकांचा फरक ६ आणि मधला २. ५९९४ अधिक १८० बरोबर ६१७४, आणि गाठ पक्की बसते.

इतर लांबीच्या संख्यांना असे भाग्य नाही. तीन अंकांत सगळे ४९५ वर येऊन थांबते. दोन अंकांत मुक्कामच नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असे चक्र फिरते. पाच अंकांत तीन वेगळी चक्रे आहेत आणि स्थिर संख्या एकही नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय एक चक्रही. म्हणजे तीन आणि चार अंकांपुरती जी शिस्त दिसते ती पुढे मोडते. नियम पुढे लागू पडेल असे गृहीत धरू नये हे मुलांना सांगून पटत नाही. पाच अंकांची वजाबाकी करून पाहिली की पटते.

त्यांच्या नावाने आणखी एक जमात ओळखली जाते, कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० अधिक २५ बरोबर ५५. ९९ चा वर्ग ९८०१. मोठ्यांपैकी २९७: वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ बरोबर २९७. आणि ७०३: वर्ग ४९४२०९. यातली ३०२५ ची गंमत इंग्लंडचे कोडेकार हेन्री ड्यूडनी यांनी १९१७ च्या संग्रहात फाटलेल्या चिठ्ठीचे कोडे म्हणून घातली होती. तेव्हा हा चमत्कार प्रथम कापरेकरांनाच दिसला असे म्हणता येत नाही. त्यांचे श्रेय वेगळे आहे: एका कोड्याला त्यांनी कुळ मिळवून दिले. २०२५ साल उजाडले तेव्हा वीस अधिक पंचवीस आणि त्याचा वर्ग हे समीकरण मोबाइलवरून घरोघर फिरले. असे पुढचे साल ३०२५ मध्येच येणार.

बाकीच्या संख्यांची ओळख थोडक्यात पुरे. रेल्वेने जाताना सुचलेल्या कल्पनेला त्यांनी मुंबईपासून तीसएक मैलांवरच्या स्टेशनाचे, आताच्या डोंबिवलीचे, जुने नाव दिले: डेम्लो संख्या. २५५३ ही त्यातली एक. कडेचे २ आणि ३ मिळवले की मधला ५ येतो. १, १२१, १२३२१ अशी चढत-उतरती माळ त्याच घराण्यातली, आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात तिच्यावर लिहिले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटले. १७२९ हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. आणि ६१७४ सुद्धा, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने भागल्यावर येते ३४३, म्हणजे सातचा घन. दत्तात्रेय संख्या म्हणून त्यांनी अशा संख्या गोळा केल्या की ज्यांच्या वर्गाचे तुकडेही वर्गच असतात. १३ चा वर्ग १६९ हा १६ आणि ९ असा तुटतो. १६०२ चा वर्ग २५६६४०४ हा २५६, ६४ आणि ०४ असा तीन वर्गांत तुटतो. जादूच्या चौरसांचाही त्यांना नाद होता. कोपर्निकसच्या पाचशेव्या जयंतीच्या निमित्ताने त्याच्या नावाचा चौरस त्यांनी रचला आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला.

या सगळ्याला त्या काळच्या अनेक भारतीय गणितज्ञांनी हसण्यावारी नेले. त्यांच्या हसण्यामागे निव्वळ अहंकार होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य आहे. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात हाच मुद्दा मांडला आहे. ८७१२ ही उलट्या २१७८ च्या चौपट आहे, ९८०१ ही उलट्या १०८९ च्या नऊपट आहे, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतात, गणितज्ञाला त्यांत हाताशी धरण्यासारखे काही नसते, असा त्यांचा अभिप्राय. कारण स्पष्ट आहे. हे गुणधर्म संख्येचे कमी आणि ती दहाच्या पायावर लिहिण्याच्या पद्धतीचे जास्त. दहाऐवजी बाराच्या पायावर मोजणारा समाज असता तर ६१७४ ला काही मान राहिला नसता. ही टीका खोडून काढता येत नाही. मात्र जगातला प्रत्येक शाळकरी मुलगा दहाच्याच पायावर बेरीज-वजाबाकी शिकतो, आणि शिक्षकाचा संबंध त्या मुलाशी असतो. हार्डी केंब्रिजात बसून जी चाळणी लावत होते ती देवळालीच्या वर्गात लावली असती तर तिथे गणितात उरण्यासारखे फार थोडे राहिले असते.

मोठ्या नियतकालिकांची दारे क्वचितच उघडत. म्हणून कापरेकरांनी बरेचसे काम स्वतःच्या खर्चाने पुस्तिकांच्या रूपात छापले. त्यांच्यावर प्रकाशकाच्या जागी असे: लेखकाने स्वतः प्रकाशित केले, खरेवाडा, देवळाली. मास्तराच्या पगारातून हा खर्च काढणे सोपे नसणार.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. उदरनिर्वाहासाठी त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या, म्हणजे शिकवणे सुटले नाही ते नाहीच. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांवर लिहिले. त्या सदराचे वाचक जगभर पसरलेले होते, आणि त्यांत छंदी लोकांच्या बरोबरीने व्यावसायिक गणितज्ञही होते. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. पुढच्या काळात त्यांच्या वजाबाकीवर, स्वयंभू संख्यांवर आणि कापरेकर संख्यांवर अनेक भाषांत लेख निघाले. संगणक हाताशी आल्यावर दहा-वीस अंकांच्या संख्यांची चक्रेही मोजली गेली. कापरेकरांचे निधन १९८६ मध्ये झाले.

नावांच्या बाबतीत मात्र जगाने त्यांचे सगळे ऐकले नाही. हर्षद संख्यांना अमेरिकी गणितज्ञ आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ च्या एका व्याख्यानानंतर निव्हेन संख्या असेही म्हणू लागले, आणि आजही दोन्ही नावे शेजारीशेजारी चालतात. स्वयंभू संख्या १९७० च्या दशकात कोलंबियाच्या एका गणितज्ञाने नव्याने मांडल्या, म्हणून त्यांना कोलंबियन संख्याही म्हणतात. कापरेकरांनी स्वतः त्यांना गावाचे नाव दिले होते, देवळाली संख्या. तेही अजून संदर्भग्रंथांत टिकून आहे, तिसऱ्या क्रमांकावर.